पालकांनी मिळून बालवाडी चालवताय? या चुका टाळा

कोथरूड-कर्वेनगरकडे चार घरांनी एकत्र येऊन बालवाडी काढली की पहिला महिना मजेत जातो. खटके उडायला लागतात ते मदतीच्या पाळ्यांवरून. आयटीवाले बाबा सकाळी येऊ शकत नाहीत, मग "आम्ही जास्त पैसे देतो" म्हणतात. ते मान्य करू नका. पैसे देऊन सुटणारा पालक हळूहळू गिऱ्हाईक होतो आणि तक्रारी घेऊन येतो. त्याला हिशेब द्या, शनिवारची झाडलोट द्या, पण काम द्याच.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक गोष्टीवर मतदान. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर उद्या पोहे की उपमा हे ठरतं आणि शिकवणाऱ्या ताईंना सकाळी कळतं! फी, भाडं, प्रवेश हे सभेत ठरवा. दिवसभराचं काम ताईंवर सोडा. त्यांना समितीत मत हवंच, आणि पगार वेळेवर.

बहुमताने "एबीसीडी गिरवून घ्या" असा ठराव आला तर? तीन ते सहा वयात खेळातून शिकणं हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे आणि बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला तेव्हापासून आपल्याकडे ते सांगितलं जातंय. हे तत्त्व नियमावलीतच लिहून ठेवा, दर जूनला मताला टाकू नका.

मुलांना विचारतानाही गडबड होते. "आज काय करू या?" हा प्रश्न तीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही. "वाळू की पाणी?" विचारा, आणि पाणी म्हणाली तर कपडे भिजतील म्हणून माघार घेऊ नका. वाळूत एक बादली आणि तीन दावेदार असले की मोठ्यांचा हात लगेच पुढे येतो. जरा थांबा. "भरली की दुसऱ्याला द्यायची" असा नियम मुलंच काढतात, आणि भरायला फार वेळ लागतो म्हणून पुढच्या आठवड्यात "अर्धी भरली की" असा बदलतातही.

सगळे सभासद एकाच सोसायटीतले नकोत. ताराबाईंनी पालघरमधल्या बोर्डी-कोसबाडकडे बालवाडी आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली होती. आपल्याकडे निदान कामाला येणाऱ्या मावशींचं मूल तरी पटावर असावं, त्यांना झेपेल त्या फीत.

नोंदणी लांबवू नका. सहकारी संस्थेला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० सभासद लागतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ७ पुरतात. आणि समितीत लहान गटाचे पालक घ्याच, नाहीतर मुलं पहिलीत गेली की अध्यक्ष, खजिनदार, किल्ल्या सगळं एकदमच जातं.