करकर, कटकट, खुळखुळ : सायकलचं दुखणं दुकानात नेमकं कसं सांगायचं

“सायकल आवाज करते, जरा बघा” एवढंच सांगून सायकल दुकानात लावली की मिस्त्री चेनवर तेल सोडतो, ब्रेक आवळतो आणि सायकल परत देतो. यात त्याची चूक नाही. त्याच्यासमोर सायकल स्टँडवर उभी असते आणि चाक हवेत फिरत असतं. आवाज मात्र येतो तो साताऱ्यातलं समर्थ मंदिर सोडून यवतेश्वराच्या घाटाला लागल्यावर, अंगाचं सगळं वजन पॅडलवर पडतं तेव्हा. तो आवाज फक्त तुम्हीच ऐकलेला असतो, त्यामुळे तो बरोबर शब्दांत दुकानापर्यंत पोचवणं हे तुमचं काम. मराठीत आवाजाला आणि हालचालीला शब्दांची कमी नाही. फक्त ते एकमेकांच्या जागी वापरू नका.

आधी एक चाचणी करा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या आणि पॅडल मारणं थांबवा. आवाज बंद झाला तर दोष पॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा), मधला एक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा आस) किंवा चेन यांतल्या कशात तरी आहे. आवाज चालूच राहिला तर चाक, ब्रेक नाहीतर मडगार्ड बघायचं. शोधायची जागा इथेच निम्मी होते.

कटकट असेल तर ती मोजा. पॅडलच्या दर फेरीला, एकाच जागी, एकदाच होत असेल तर पॅडल किंवा क्रँक. चाकाच्या दर फेरीला होत असेल तर टायर, रिम किंवा एखादी सैल तार (स्पोक). आणि साध्या, बिनगिअरच्या सायकलवर साधारण अडीच फेऱ्यांनी एकदा होत असेल, तर चेनची एक कडी जाम आहे. पूर्ण चेन एकदा फिरून यायला क्रँकच्या जवळजवळ तेवढ्याच फेऱ्या लागतात, म्हणून हा हिशेब. सायकल स्टँडवर लावा, पॅडल हळूहळू उलटं फिरवा आणि चेन फ्रीव्हीलवरून (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावरून) सुटून खाली येते तिथे नजर ठेवा. जाम कडी तिथे सरळ न होता गुडघा दुमडल्यासारखी वर उचललेली दिसते. त्या कडीच्या दोन्ही बाजूंची चेन हातांत धरून अंगठ्यांनी आडवी, डावी-उजवी हलकेच वाकवा आणि एक थेंब तेल सोडा. बहुतेक वेळा तेवढ्यानं ती सुटते.

क्रँकची कटकट जास्त फसवी. दोन्ही क्रँक दोन हातांत धरून आडव्या हलवा. दोन्ही एकदम हलल्या तर मधला एक्सल सैल आहे, त्याचे कप (बेअरिंगच्या वाट्या) आवळावे लागतील. एकच हलली तर तिची कॉटर पिन (क्रँक एक्सलवर पक्की धरणारी पाचर) गेली आहे. इथे दुकानात स्पष्ट सांगा, “पिन नवी घाला, जुनीच ठोकू नका.” झिजलेल्या पिनेला मधोमध खाच पडलेली असते. तिचा नट कितीही आवळला तरी ती चार दिवसांत पुन्हा सैल होते, कारण पिन बसते ती हातोडीच्या ठोक्यानं. नट तिला फक्त जागेवर धरून ठेवतो. सैल पिनेवर तसंच चालवत राहिलात तर क्रँकचं भोकच मोठं होतं, आणि मग पिनेसोबत क्रँकचाही खर्च येतो. पॅडल स्वतः काढणार असाल तर एक लक्षात ठेवा : डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. जोर लावून भलतीकडे फिरवाल तर आणखी आवळलं जाईल, आटेही जातील.

करकर म्हणजे कोरडी चेन. जावळी-महाबळेश्वरकडच्या पावसात भिजलेली सायकल तशीच ठेवली की दुसऱ्या दिवशी ती हमखास करकरते. फडक्यानं चेन पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल सोडा, दहा मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुन्हा पुसून घ्या. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण टाळतात. माण-खटावच्या धुळीत तर ते टाळूच नका. वर राहिलेलं तेल माती धरतं आणि त्या चिखलानं चेन कानशीनं घासल्यासारखी झिजते.

चेन “उतरते” आणि चेन “घसरते” या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दातांवरून बाहेर पडली तर उतरली. तेव्हा चेन सैल असते किंवा मागचं चाक तिरकं बसलेलं असतं. चेन मधोमध वर-खाली साधारण अर्धा इंच हलावी, त्याहून फार जास्त नको. घसरते म्हणजे जागेवरच असते, पण जोर लावला की दात सोडते आणि गचका बसतो. ही झिजलेली चेन. पट्टी घेऊन पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ कड्या मोजा. नव्या चेनला हे अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतं. गिअरच्या सायकलवर १/१६ इंच वाढलं की चेन बदला, साध्या सायकलवर १/८ इंचापर्यंत चालतं. त्यापुढे फ्रीव्हीलचे दातही खाल्ले जातात आणि नवी चेन जुन्या दातांवर पुन्हा घसरते. तिसरा प्रकार, पॅडल पुढे रिकामंच फिरतं आणि चाक जागेवर. हा फ्रीव्हीलच्या आतल्या खटक्यांचा दोष. आत घट्ट ग्रीस गेलं तरी खटके चिकटतात. तिथे पातळ तेलच हवं.

चाकाचंही तसंच. रिम ब्रेकपाशी डावी-उजवी जाते तेव्हा चाक “आउट” झालं आहे असं म्हणा. रिम डावीकडे ओढली गेली असेल तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारा आवळतात, एका वेळी निपल (तारेच्या रिमकडच्या टोकाचा नट) पाव फेरीपेक्षा जास्त फिरवायचं नाही. रिम सरळ आहे, पण धरून हलवली की खुळखुळते, तर चाकाच्या एक्सलवरचे कोन सैल आहेत किंवा छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) झिजलेत. हे काम तारा आवळून होत नाही.

हँडलची परीक्षा घाट उतरायच्या आधी घ्याच. सातारा ते कास सुमारे २५ किलोमीटर. जाताना चढ दमवतो, पण दोष उघडा पडतो तो येताना उतारावर. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखालच्या कपाजवळ बोट ठेवलं आणि ठकठक जाणवली तर हँडलचे कप सैल आहेत. हँडल सरळ रेषेत आलं की अडतं, जणू खाचेत बसतं, असं असेल तर कप खड्डे पडून गेलेत. ते आवळू नका, बदला.

ब्रेक किंचाळतो तेव्हा तो अजून लागतो आहे, गट्टूचं (रिमवर दाबणाऱ्या रबराचं) पुढचं टोक रिमकडे मिलिमीटरभर जवळ घेतलं की बहुधा आवाज थांबतो. ब्रेक लिव्हर हँडलला टेकते, ही तक्रार त्याहून गंभीर. पावसात रिमवरचं पाणी पुसलं जायला चाकाच्या काही फेऱ्या जातात, त्यामुळे वळणाच्या बऱ्याच आधी दोन्ही ब्रेक हलके लावायला सुरुवात करा.

आणि हवा. रात्रीत “हवा बसली” की पंक्चर, हे आधी ठरवा. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा, बुडबुडा आला तर फक्त वॉल ट्यूब (व्हॉल्व्हमधली रबरी नळी) बदलायची. बुडबुडा नाही आला तर पंक्चर काढा आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका. बाभळीचा काटा मोडून टायरमध्येच राहिलेला असतो, फडकं त्याला अडकतं.