सुई मधोमध आली म्हणून लगेच क्लिक करू नका

पेंटॅक्स के १००० सारख्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात, डोळा लावून बघतो तिथली उजेड दाखवणारी सुई मधोमध आणली की झालं असं मलापण वाटायचं, पण पहिल्याच रोलमधे पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घालून बसलेले आजोबा असे आले की जणू सदरा आठवडाभर धुतलाच नाहीये, निगेटिव्ह पण पातळ, म्हणजे फिकट. कारण मीटर (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, सुई तोच हलवतो) समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. म्हणजे फ्रेमभर पांढरं असेल तर एक ते दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड, कमी म्हणजे निम्मा), काळी म्हैस फ्रेमभर असेल तर एखादा स्टॉप कमी.

सोपा उपाय म्हणजे आपला तळहात. ज्या उजेडात माणूस बसलाय त्याच उजेडात हात धरा, फ्रेम हातानेच भरेल इतकं जवळ जा (फोकस नाही झाला तरी चालतं), रीडिंग घ्या आणि एक स्टॉप वाढवा, कारण तळहात करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. शटर स्पीड १/२५० सेकंद आला तर १/१२५ ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) तेच. मग सुई वर गेलेली दिसली तरी परत फिरवत बसू नका, मी हमखास फिरवायचो!

आणि हो, के १००० ला मीटर बंद करायचं बटणच नाहीये, लेन्सला कॅप लावा नाहीतर सेल उतरतो.