पांधणीसाठी जुनी जिप्सी घेताना

जिप्सी ही मुळात सुझुकीची जपानी गाडी. घ्यायचीच तर एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन असलेली घ्या. 1298 सीसीचं इंजिन 80 बीएचपी देतं.

पण इंजिन नंतर, आधी गाडीखाली शिरा. आपली काळी माती चेसिसला लिंपून बसते, ओल धरते आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटे चेसिसला जोडणाऱ्या दुव्याजवळ, लोखंड खाते. नवाकोरा अंडरकोट (गाडीखाली मारायचा गंजरोधक थर) दिसला तर संशय जास्तच घ्या. पेचकस टोचून बघा. टोक आत गेलं की सौदा सोडा.

साठच्या आसपास स्टिअरिंग थडथडतं? नुसत्या बॅलन्सिंगनं भागत नाही. जॅक लावा, चाक वरून-खालून धरून हलवा. हबमध्ये खेळ नसेल आणि नकलच (knuckle, चाकासोबत वळणारा सांधा) हलत असेल, तर तो ज्यावर वळतो ती किंगपिन बेअरिंग बदलून शिम (पातळ चकत्या) नीट बसवा. नवा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) थडथड दाबतो, झीज थांबवत नाही.

205/70 आर 15 ऐवजी 215/75 आर 15 टायर टाकले तर गाडी साधारण 18 मिमी उचलते. मीटरवर 60 दिसेल तेव्हा खरा वेग 63. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर घासतो का, तेही पाहा.

फोर-व्हील फक्त चिखलात, ओल्या पांधणीत. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसल्यानं डांबरावर गिअरांवर ताण येतो.

15 वर्षं उलटलेल्या गाडीचं आरसी नूतनीकरण झालंय का बघा. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, कर्ज फिटलं असेल तर 35. डिझेल इंजिन बसवलेली गाडी आरसीत नोंद नसेल तर घेऊच नका.