मिठाचा ताण आणि जिवाणूंची प्रतिजैविकं: प्रयोग कसा लावायचा

मिठाच्या ताणाखाली जिवाणू प्रतिजैविक कमी बनवतात की जास्त, हे मोजायचा हा प्रयोग आहे. मुंबईत भांडुप किंवा वडाळ्याच्या मिठागरातली माती घेणार असाल तर फेब्रुवारी ते मे हा काळ धरा. पावसाळ्यात वाफ्यांत गोडं पाणी भरतं आणि मातीचा खारटपणा उतरतो. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आधी काढा. वरचा मिठाचा पापुद्रा बाजूला करून ५ ते १० सेंमी खालची माती निर्जंतुक पिशवीत भरा. ती कालवायला नुसतं डिस्टिल्ड वॉटर वापरू नका; मिठात मुरलेल्या पेशी त्यात फुटू शकतात. ५ टक्के सलाइन (मिठाचं पाणी) घ्या. बॅसिलस (उष्णता सोसणारे बीजाणू करणारा जिवाणू) हवा असेल तर हे मिश्रण ८० अंशांवर १० मिनिटं ठेवून मग प्लेटवर पसरा.

निवडलेल्या जिवाणूसाठी ०, २.५, ५, ७.५ आणि १० टक्के मिठाचे ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं पातळ माध्यम) करा, प्रत्येकी तीन फ्लास्क, २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली. ५ टक्के म्हणजे ५० ग्रॅम मीठ विरघळवून एकूण आकारमान १ लिटर करायचं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम टाकायचं नाही. मीठ प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या, किराण्यातलं आयोडीनवालं नको. तयार न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये बहुधा लिटरला ५ ग्रॅम मीठ आधीच असतं, म्हणजे तुमचा ‘शून्य’ खरा शून्य नाही. यीस्ट एक्स्ट्रॅक्टचाही विचार करा. खाऱ्या माध्यमात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते धरून ठेवायला पेशी पोटॅशियम आत घेते, प्रोलीन किंवा एक्टोइन बनवते आणि त्यात तिची शक्ती खर्च होते. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधलं ग्लायसिन बीटेन (असाच पाणी धरणारा रेणू) तिला आयतंच मिळालं की ताण हलका होतो.

विरजण (फ्लास्कमध्ये टाकायची आधी वाढवलेली जिवाणूंची वाढ) कुठल्या मिठात वाढवलं हे ठरवून लिहून ठेवा. बिनमिठाच्या ब्रॉथमधून थेट ७.५ टक्क्यांत टाकलं तर तो अचानक धक्का. त्याच मिठात दोनदा वाढवून घेतलं तर सरावलेली पेशी. हे दोन वेगळे प्रयोग आहेत, एकाच तक्त्यात मिसळू नका. विरजण १ टक्का, ३० अंश, १५० आरपीएम. सगळे फ्लास्क एकाच तासाला काढण्याचा मोह टाळा. मिठाने वाढ रेंगाळते, म्हणून दर काही तासांनी ६०० नॅनोमीटरवर ओडी (द्रवाचा गढूळपणा, म्हणजे पेशींच्या वाढीचा अंदाज) घ्या (तुलनेचा बिनजिवाणूचा ब्लँकही त्याच मिठाचा) आणि वाढ थांबल्यानंतर प्रत्येक फ्लास्क सारख्याच अंतराने काढा. ॲक्टिनोमायसेट (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) गोळे धरतात, तिथे ओडी कामाचा नाही; धुतलेल्या पेशी १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून लॉरी पद्धतीने प्रथिनं मोजा.

सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, पीएच ७ करा, नाहीतर आम्लाचीच झोन (विहिरीभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) मोजाल. चाचणीचा जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस ०.५ मॅकफारलँड (गढूळपणाचं प्रमाणित माप) घनतेचा करून मुलर-हिंटन अगारवर पसरा, अगारात पाडलेल्या ६ मिमीच्या विहिरीत गाळलेलं द्रव ५० मायक्रोलिटर घाला.

इथेच बहुतेक प्रकल्प घसरतात: झोनचा व्यास थेट प्रतिजैविकाचं प्रमाण मानला जातो. व्यास प्रमाणासोबत सरळ रेषेत वाढत नाही. त्याऐवजी दुपटीने विरळ करत जा (१/२, १/४, १/८…) आणि झोन दिसणारी शेवटची पायरी पकडा. ती १/१६ असेल तर (१०००/५०) × १६ = ३२० युनिट प्रति मिली. आता ओडीने भागा. समजा, बिनमिठाच्या फ्लास्कमध्ये ३२० युनिट आणि ओडी ४, तर ८०. पाच टक्क्यांत १६० युनिट आणि ओडी १, तर १६०. एकूण उत्पादन निम्मं, पण दर पेशीमागे दुप्पट. नुसती झोन पाहून ‘मिठाने उत्पादन घटलं’ असं लिहिलं असतं.

विरजण न टाकलेला, त्याच मिठाचा ब्रॉथ शेजारच्या विहिरीत हवाच. ऑरियस ७.५ टक्के मीठ सोसतो, ई. कोलाय सोसत नाही. तिथे मिठाचीच झोन पडू शकते. शंका असेल तर इथाइल ॲसिटेटने अर्क काढा, मीठ पाण्याच्या थरातच राहतं. मात्र पेप्टाइड प्रकारची प्रतिजैविकं बऱ्याचदा इथाइल ॲसिटेटच्या थरात येत नाहीत, हे धरून चाला.

परिणाम सोडियमचा की नुसत्या परासरणाचा (पेशीतलं पाणी ओढलं जाण्याचा), हे ताडायला ५ टक्के मिठाच्या जागी लिटरला ६४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालून एक संच लावा. प्लेट्स आणि फ्लास्क टाकण्याआधी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा.