मागाच्या शेडमधली कापसाची धूळ कमी कशी करायची

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात आमचे सोळा माग आहेत. पहिलं एकच सांगतो, कॉम्प्रेसरच्या हवेनं माग झाडणं बंद करा. माग चकाचक दिसतो पण धूळ शेडमधनं कुठंच जात नाही ओ, नुसती वर उडते आणि माणसाच्या छातीत जाऊन बसते. पटत नसेल तर रात्री ट्यूबा बंद करून एक बॅटरी आडवी धरा आणि बाजूनं बघा, उजेडाच्या पट्ट्यात काय भिरभिरतंय ते. मी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी व्हॅक्युम घेऊन आलो.

व्हॅक्युम बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचाच घ्या, नाहीतर मशीनच्या मागल्या बाजूनं सगळी परत बाहेर. आधी मेन स्विच पाडायचा, मग वरनं खाली यायचं, ट्यूबा, पाईप, वही (उभे धागे वर-खाली करणारी चौकट), फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी) आणि शेवटी मागाखाली. कोरडा झाडू नको, ओलं फडकं चालेल पण मोटर आणि वायरपाशी पाणी न्यायचं नाही. एखाद्या सांदीत हवा मारावीच लागली तर शिफ्ट सुटल्यावर, बाकीच्यांना बाहेर काढून, मारणाऱ्यानं मास्क लावून.

मागाखाली पांढरा थर एकदम वाढला तर बीम (उभ्या धाग्यांचा रोळ) कुठल्या सायझिंगचं, म्हणजे धाग्याला खळ लावणाऱ्या कारखान्याचं, आलंय बघा, खळ नीट बसली नसली की ताणा, म्हणजे उभे धागे, वहीत-फणीत घासून तंतू सोडतो. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा कोरडी, तेव्हा फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारं मशीन) लावून आर्द्रता ७५ ते ८० टक्के ठेवा, सूतही कमी तुटतं. एक्झॉस्ट खाली जमिनीजवळ आणि समोरच्या भिंतीतनं ताजी हवा यायला जागा, सीलिंग फॅन बसलेली धूळ उठवतो.

रुमालानं बारीक धूळ अडत नाही, एन-९५ मास्कच पाहिजे, नाकावरची पट्टी दाबून.

आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कुणी छाती आवळल्यासारखी होतीय म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका. आमचे वडील वर्षानुवर्षं "हवा बदललीय" म्हणत राहिले, पुढं पुढं तर जिना चढताना मधी बसायला लागले. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या ह्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, कायद्यानं नोंद करावी लागणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. सुरवातीला आठवडा सरेल तसं बरं वाटतं, म्हणून माणूस दवाखान्यात जातच नाही. कामाला घेतानाच स्पायरोमेट्री करून घ्या, म्हणजे मशीनमधे फुंकायची टेस्ट, नंतर दरवर्षी, आणि जमलं तर सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी शिफ्टच्या आधी आणि नंतर. आकडा घसरला तर त्या माणसाला धुळीच्या कामावरनं हलवा, पगार न कापता.