गाडीच्या टचस्क्रीनचा थर सुटतोय? खोलण्याआधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात हिंजवडीच्या किंवा खराडीच्या उघड्या पार्किंगमध्ये सकाळी लावलेली गाडी संध्याकाळपर्यंत उन्हातच असते. बाहेर ३८-४० अंश तापमान असलं की बंद गाडीत ते ६० च्या घरात जातं. ज्या डॅशबोर्डवर थेट ऊन पडतं, तो तर ७० च्याही पुढे तापतो. मग आपण गाडीत बसतो, एसी फुल करतो आणि स्क्रीनच्या शेजारच्याच जाळीतून थंड हवेचा झोत सुरू होतो. टचस्क्रीन म्हणजे काच, प्लॅस्टिकची फिल्म आणि चिकट थर यांची चळत. उष्णतेने यातलं प्रत्येक जण वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतं. चार-पाच उन्हाळे हे असंच चाललं की कुठल्यातरी कडेला पकड सुटते, आणि त्या फटीत पावसाळ्याचा दमटपणा शिरतो.

यानंतर बहुतेक जण दोनपैकी एक करतात. कोणी टाचणी आणि फेव्हिक्विक घेऊन बसतं, तर कोणी थेट नवा स्टिरिओ बघायला निघतं. दोन्ही निर्णय घाईचे आहेत. घरी दुरुस्ती करायची की नवीन घ्यायचं, हे दोनच गोष्टींवर ठरतं: कोणता थर सुटलाय आणि तो मुळात कसा चिकटवलेला होता. बाकी सगळं त्यानंतर.

कोणता थर सुटलाय हे न पाहता कामाला लागणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मागून पुढे येत गेलात तर आधी बॅकलाइट, मग चित्र दाखवणारं एलसीडी पॅनेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॉलरायझरची, म्हणजे प्रकाश गाळणारी, फिल्म. त्यापुढे बोटाचा स्पर्श ओळखणारा डिजिटायझर, म्हणजे ज्याला दुकानात नुसतं ‘टच’ म्हणतात तो. शेवटी वरची काच. बऱ्याच स्क्रीनमध्ये टच आणि काच एकत्रच असतात. टच आणि एलसीडी दोन पद्धतींनी जोडतात. एका पद्धतीत फक्त चारी कडांना डबल साइड टेप असते आणि मध्ये हवेची बारीक पोकळी राहते. दुसऱ्या पद्धतीत पूर्ण पृष्ठभागावर पारदर्शक चिकट थर असतो, त्याला कारागीर ओसीए म्हणतात. पहिल्या पद्धतीची स्क्रीन घरी दुरुस्त होऊ शकते. दुसऱ्या पद्धतीची स्क्रीन घरी वेगळी करायला गेलात तर बहुधा एलसीडीही हातची जाते.

आता लक्षणं पाहू. आधी कोपऱ्यात नख लावून बघा, की सुटलेला थर म्हणजे गाडी घेताना ॲक्सेसरीजमध्ये बसवून मिळालेलं स्क्रीन प्रोटेक्टर तर नाही? ते काढल्यावर खाली स्वच्छ स्क्रीन निघाली तर प्रश्नच मिटला. ही तपासणी सोपी आहे, म्हणूनच ती राहून जाते.

प्रोटेक्टर नसेल तर टचचा प्रकार ओळखा. नखाने किंवा पेनच्या टोपणाने दाबल्यावर स्क्रीन प्रतिसाद देत असेल तर टच रेझिस्टिव्ह आहे. यात काचेवर लवचिक फिल्म ताणलेली असते, आणि ती उन्हात पापडासारखी फुगते. फक्त बोटालाच दाद देत असेल तर टच कपॅसिटिव्ह. जुन्या गाड्यांत रेझिस्टिव्ह जास्त दिसतो आणि त्याचा नुसता टच बदलणं तुलनेने सोपं असतं.

बुडबुडा सकाळी लहान आणि दुपारी मोठा दिसत असेल, चित्र स्वच्छ असेल, पण बोट एकीकडे आणि बटण दुसरीकडे दाबलं जात असेल, तर दोष टचच्या थरात किंवा त्यामागच्या गोंदात आहे. शाई सांडल्यासारखा काळा-जांभळा डाग असेल आणि तो जागचा हलत नसेल, तर एलसीडीच गेलं आहे. मग टच बदलून काही उपयोग नाही. चित्र ठरावीक कोनातूनच नीट दिसत असेल किंवा मध्येच फिकट चट्टे पडले असतील, तर पॉलरायझरवर संशय घ्या.

बुडबुडा कुठेच नाही, तरी स्क्रीन आपोआप गाणी बदलते, आवाज वाढवते? मग आधी गाडीत लावलेला स्वस्तातला मोबाइल चार्जर काढून बघा. खराब चार्जरच्या विद्युत गोंगाटाने कपॅसिटिव्ह टच भरकटू शकतो. टचला बोर्डाशी जोडणारी चपटी रिबन केबल सैल असली तरी असंच होतं. यातलं काहीही असलं तरी स्क्रीन बदलण्याची गरज नाही.

दोन परदेशी उदाहरणं इथे उपयोगी आहेत. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमधल्या १७ इंची स्क्रीनच्या कडा पिवळ्या पडायच्या. कंपनीने त्यावर अतिनील प्रकाशाचा उपचार सुरू केला आणि बऱ्याच स्क्रीन न बदलता सुधारल्या. याच गाड्यांच्या काही स्क्रीनमधून गोंद गळून बुडबुडे यायचे, तो मात्र वेगळा रोग. कॅडिलॅक गाड्यांच्या क्यू (CUE) नावाच्या टचस्क्रीन सिस्टीममध्ये टचचा थर सुटून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटायच्या. तिथे अनेक मालकांनी पूर्ण युनिट न घेता फक्त टचचा भाग मागवून बदलला. बाहेरून सगळं ‘स्क्रीन खराब’ असंच दिसतं, पण तीन दोषांचे उपाय तीन.

टाचणी, फेव्हिक्विक आणि हेअर ड्रायर

बुडबुड्याला टाचणी टोचू नका. टचच्या थरावर विद्युतवाहक पदार्थाचा डोळ्यांना न दिसणारा लेप असतो. त्याला ओरखडा गेला की त्या पट्ट्यात स्पर्श कायमचा बंद. एटीएम कार्डाने बुडबुडा कडेला सरकवणं प्रोटेक्टरपुरतं ठीक. स्क्रीनवर तसा जोर दिला तर खालच्या एलसीडीवर दाबाचे डाग उठतात, ते जात नाहीत.

सुटलेल्या कडेत फेव्हिक्विक सोडणं त्याहून वाईट. वाळताना त्याची वाफ आसपासच्या काचेवर पांढरी धुरकट बसते, आणि ती आतून बसल्यामुळे पुसता येत नाही. शिवाय तो गोंद वाळून कडक होतो. पुढच्या उन्हाळ्यात थर प्रसरण पावायला लागले की त्यांना हलायला जागाच नसते, आणि काच तडकू शकते. बाथरूमच्या फटीत भरायच्या, आंबट वासाच्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसिड सुटतं. ते रिबनच्या तांब्याला खातं.

ड्रायर किंवा हीट गनने गोंद परत मऊ होऊन चिकटेल, ही आशाही सोडा. ज्या उष्णतेने थर सुटला तीच पुन्हा देतोय आपण. हीट गनचा झोत तर पॉलरायझर जाळतो. स्क्रीन डॅशबोर्डमध्ये असतानाच हे केलं तर शेजारचं प्लॅस्टिक वाकतं ते वेगळंच.

पुसायचं असेल तर स्प्रे थेट स्क्रीनवर मारू नका. मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करा आणि सुटलेल्या कडेपासून उलट्या दिशेने पुसा.

घरी ओसीए लॅमिनेशनचा प्रयत्न

लॅमिनेशन म्हणजे सुटलेले थर नव्या ओसीएने पुन्हा चिकटवणं. व्हिडिओत दहा मिनिटांत होणारं हे काम प्रत्यक्षात यंत्राचं आहे. जुना गोंद तारेने कापायचा, उरलेला थर साफ करायचा, नवीन ओसीए शीट लावायची, व्हॅक्यूम लॅमिनेटरमध्ये दाबायचं, मग दाबाच्या भांड्यात ठेवून उरलेले बुडबुडे काढायचे. निर्वात जागेशिवाय ओसीए लावलं की हवा अडकते. रस्त्यालगतच्या घरात, शेजारी बांधकाम चालू असताना, धूळही अडकतेच. ट्यूबमधला द्रव गोंद ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली वाळवतात. तो वाळण्याआधीच कडेवरून ओघळून बॅकलाइटमध्ये शिरतो आणि स्क्रीनवर कायमची सावली पाडतो.

हे काम करायचंच असेल तर मोबाइल-टॅबलेट दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करा. पण दुकानदाराला पहिला प्रश्न स्क्रीनच्या मापाचा विचारा. फोनसाठीच्या यंत्रात गाडीची ९-१० इंची स्क्रीन मावत नाही. कडेला टेप असलेल्या स्क्रीनचा टच मात्र घरी बदलायला हरकत नाही. टेबल, मऊ कापड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, चांगली डबल साइड टेप आणि घाई नसलेली दुपार, एवढं पुरतं. काच बसवण्यापूर्वी आतली बाजू हवेच्या फुग्याने, ब्लोअरने, साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब आत बसतात.

फक्त इंच बघून टच मागवणं

‘नऊ इंचाचा टच द्या’ एवढ्यावर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत काय, कुठेच योग्य पार्ट मिळणार नाही. माप तेच असून रिबनच्या पिना वेगळ्या असतात, रिबन वरून येते की खालून हे वेगळं असतं, स्क्रूची भोकं मिलिमीटरभर सरकलेली असतात. हे सगळं जुळलं तरी टचची कंट्रोलर चिप वेगळी निघाली की डावीकडे दाबल्यावर उजवीकडचं बटण चालतं, किंवा काहीच चालत नाही. आधी युनिट बाहेर काढा, पॅनेलच्या मागचं लेबल आणि रिबनवर छापलेला नंबर यांचे स्पष्ट फोटो काढा, मगच मागवा. शक्य असेल तर जुना पार्ट सोबत न्या.

डॅशबोर्ड उघडताना

स्क्रूड्रायव्हर ट्रिममध्ये, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या प्लॅस्टिकच्या आवरणात, खुपसू नका, प्लॅस्टिकची पाती वापरा. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. स्टिरिओला अँटी-थेफ्ट कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा, कारण बॅटरी जोडल्यावर तो मागू शकतो. हॅझर्डचा स्विच बऱ्याच गाड्यांत त्याच फ्रेममध्ये असतो. फ्रेम ओढली की त्याची वायर ताणली जाते, म्हणून आधी फ्रेम दोन बोटं पुढे घेऊन मागे बघा.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच करू नका. एक्स्टेंडेड वॉरंटीचे कागदही काढून वाचा; इन्फोटेन्मेंट, म्हणजे ही स्क्रीन-स्टिरिओची यंत्रणा, त्यात आहे की वगळलंय, ते लिहिलेलं असतं. थर सुटल्याचे फोटो तारखेसह ठेवा आणि तक्रार सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा वॉरंटी संपल्यावर काही पुरावा राहत नाही.

नवीन घेतानाच्या चुका

एलसीडी गेलं असेल, किंवा पूर्ण चिकटवलेली स्क्रीन असेल आणि लॅमिनेशन करणारा भरवशाचा कारागीर मिळत नसेल, तर बदलणंच योग्य. पण बदलायचं काय? नुसता टच, टचसह एलसीडीची जोडणी, की पूर्ण युनिट, असे तीन वेगळे दर लेखी घ्या. सर्व्हिस सेंटर बहुधा पूर्ण युनिटचाच दर देतं. मधला पर्याय विचारल्याशिवाय समोर येत नाही, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तोच सर्वांत शहाणपणाचा असतो: मूळ बोर्ड, मूळ सॉफ्टवेअर, मूळ कॅमेरा तसाच राहतो आणि धुळीचा प्रश्न कारखान्यातच मिटलेला असतो.

एसी, पार्किंग सेन्सर किंवा गाडीची सेटिंग्ज स्क्रीनमधून चालत असतील तर बाहेरचा अँड्रॉइड स्टिरिओ घेऊ नका. गाडीच्या कॅन बसशी, म्हणजे गाडीतले वेगवेगळे भाग ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याशी, त्याचं जुळलं नाही तर एसीचा वेग बदलायलाही काही उरत नाही. साध्या डबल डिन (ठरावीक मापाच्या खाचेत बसणाऱ्या) स्टिरिओच्या गाडीत तो चालतो; पण मॉडेलसाठीची फ्रेम आणि कपलर, म्हणजे वायर न कापता जोडणारा प्लग, मागा. वायर कापून जोडणाऱ्याला थांबवा, कारण कापलेलं हार्नेस (वायरींचा जुडगा) दाखवून पुढे इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेत, किंवा ऑनलाइन जुनं मूळ युनिट स्वस्तात मिळालं तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बऱ्याच कंपन्यांची युनिट्स चॅसी नंबरला बांधलेली असतात. कोडिंग, म्हणजे ते आपल्या गाडीशी जुळवण्याचं काम, कोण करून देणार हे ठरल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ते युनिटही एखाद्या गाडीत उन्हात तापलेलं असतं, म्हणून कडा तिरप्या टॉर्चने तपासून घ्या.

बसवताना ट्रिम दाबून बसवण्याआधीच सगळं जोडून तपासा: चारी कोपऱ्यांत टच, रिव्हर्स कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणं, माइक, जीपीएस, हॅझर्ड. मग गाडी एक दुपार उन्हात उभी करून पुन्हा तपासा, कारण सकाळी नीट चालणारा टच तापल्यावर भरकटू शकतो. तोपर्यंत जुनं युनिट भंगारात देऊ नका. नवीन जुळलं नाही तर तेच परत बसवावं लागेल, आणि त्याच्या मागचं लेबल पुन्हा लागणारच आहे.